त्रेवार्न होडी क्रमांक ८७ आणि तिच्या डेकमधली चार भोके

मी, कु. सुगंधा पुंजाराम गवारे, वय ३१ वर्षे, धंदा नोकरी, राहणार वाळूज महानगर, छत्रपती संभाजीनगर, मूळ गाव लिंबेजळगाव, तालुका गंगापूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या विचाराने स्वतः टाइप करून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तितके नाही. लहानपणीच्या सांधेतापाने त्याची डावीकडची एक झडप आखडली आहे. ती काढून येत्या बावीस तारखेला कृत्रिम झडप बसवायची आहे. अशा शंभर रुग्णांपैकी तीन-चार परत येत नाहीत, असे मी विचारल्यावर सर्जननी सांगितले. आमच्या कारखान्यात फायबरच्या टाक्या तपासून पास किंवा नापास करणे हे माझे काम आहे. शंभरात दोन टाक्या नापास झाल्या तरी आम्ही बैठक घेतो. त्यामुळे तीन-चार हा आकडा मला लहान वाटत नाही.

वकिलांनी दिलेल्या नमुन्यात "मानवी जीवन क्षणभंगुर असल्याने" असे एक वाक्य होते. ते मी वगळले आहे.

१. माझी आई चतुराबाई २००९ साली वारली. थोरला भाऊ बन्सी ६ फेब्रुवारी २०२२ रोजी रत्नागिरीच्या खाली समुद्रात मरण पावला. तो अविवाहित होता, मीही आहे. त्यामुळे माझे वारस म्हणजे फक्त माझे वडील, पुंजाराम कडूबा गवारे, वय ६४, धंदा शेती. यापुढे त्यांना अप्पा आणि भावाला दादा म्हटले आहे, कारण मी त्यांना तसेच म्हणते.

२. वाळूज महानगरातील एका खोलीचे घर, बँकेतील ठेव आणि भविष्यनिर्वाह निधी अप्पांना मिळावा. घर विकायचे की ठेवायचे हे त्यांनी ठरवावे. गच्चीवरच्या टाकीचे झाकण बसत नाही, ते आधी बदलावे.

३. माझी स्कूटर चुलत बहीण बानू हिला द्यावी. तिला कॉलेजला जायला गंगापूरची जीप गाठावी लागते आणि जीपच्या भाड्यासाठी रोज वडिलांपुढे हात पसरावा लागतो. तिचे वडील, म्हणजे माझे चुलते नानासाहेब, यांना काहीही देऊ नये. कारण कलम ६ मध्ये येईल. ते भांडणाला येतील, म्हणून लिहून ठेवते की ही नजरचूक नाही.

४. निळ्या पुठ्ठ्याची वही. हिच्यात त्रेवार्न जातीच्या होडीविषयी तेवीस जणांची मते आहेत.

दादा बारावीनंतर मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून लागला. २०१५ साली स्पेनच्या एका बंदरात त्याला एक छोटी पांढरी शिडाची होडी दिसली. तिचा मालक डेकवर बसून बटाटे सोलत होता. दादाने फोनवर त्या होडीचे वर्णन मला पाऊण तास ऐकवले. एखादी मुलगी पसंत पडल्यावरही तो इतके बोलला नसता. त्रेवार्न हा फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा लहानसा कारखाना होता. अकरा वर्षांत त्यांनी एकशे बारा होड्या बांधल्या आणि मग कारखाना बंद पडला. मोठ्या फ्रेंच नावांच्या यादीत हे नाव सापडत नाही. दोन वर्षांनी, गोव्याच्या एका खाडीत, कोणा परदेशी माणसाने टाकून दिलेली अगदी तशीच होडी दादाला सापडली. तिच्या बुडाशी ८७ क्रमांक कोरलेला होता. आम्ही दोघांनी ती निम्म्या-निम्म्या हिश्शाने घेतली आणि ट्रकवर घालून लिंबेजळगावच्या वावरात आणली, कारण तिथे जागा होती आणि फायबरचे काम मला येत होते. समुद्र तिथून बराच लांब आहे. गावाने जे काही म्हणायचे ते म्हणून घेतले.

कारखाना बंद, नकाशे नाहीत, देशात दुसरी त्रेवार्न नाही. मग ज्यांनी ती चालवली त्यांनाच विचारायचे ठरले. दादाने जगभरच्या खलाशांना मेल केले. प्रश्न मी लिहून दिले: सुकाणू कसे आहे, पाणी कुठून येते, आधी काय दुरुस्त केलेत, पुन्हा घ्याल का. आलेली उत्तरे मी मराठीत वहीत उतरवली, कारण संध्याकाळी गाईची धार काढून झाली की अप्पांना ती ऐकायची असत. मते तोलायचा माझा नियम असा होता: ज्याने होडी विकली तो तिची स्तुती करतो, ज्याच्याकडे ती अजून आहे तो तक्रार करतो. तक्रारीला मी दुप्पट गुण देत असे.

काही मते इथे उतरवते. तुर्कस्तानातल्या इझमीरचा एक दंतवैद्य: "तीन दिवस वादळात होतो. आधी मी थकलो, मग माझा भाऊ, होडी शेवटपर्यंत थकली नाही." पोर्तुगालचा एक मेकॅनिक: "इंजिनचा फिल्टर बदलायला एकतर माकड पाळा, नाहीतर माझ्याएवढा बारीक माणूस ठेवा. बाकी तक्रार नाही." न्यूझीलंडचे एक जोडपे: स्वयंपाकाची शेगडी चुकीच्या बाजूला आहे, बाईंनी चार वर्षे कमरेला पट्टा बांधून स्वयंपाक केला. होडी विकून नऊ वर्षे झाली आणि अजून त्या बाई ओट्यापाशी पाय फाकवून उभ्या राहतात. आधीच्या मालकासाठी हीच ८७ हाकलेले गोव्याचे एक जुने तांडेल: "वळायला सांगितलं की ही आधी विचार करते. पण वाट धरली की सोडत नाही."

एकोणिसावे मत दादाच्या हस्ताक्षरात आहे: "पुंजाराम गवारे, शेतकरी, लिंबेजळगाव. बूड जड हाय. पडायची नाय." अप्पांनी होडीच्या तळाच्या लोखंडी कण्याला हात लावून हे सांगितले होते. त्या कण्याला ते फाळ म्हणत. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर मत आहे.

चौथे मत मादाम केरुएल यांचे. त्या फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात शिक्षिका होत्या आणि उरलेल्या सगळ्या त्रेवार्न होड्यांची यादी ठेवतात. त्यांनी लिहिले होते: "हिच्या डेकमध्ये फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्साचे लाकूड आहे. डेकमध्ये स्क्रू मारू नका. मारावाच लागला तर भोक मोठे करून रेझिनने (फायबर जोडायच्या राळेने) भरा, ते घट्ट झाले की त्या रेझिनमध्ये स्क्रू मारा. नाहीतर पाणी आत जाईल आणि ते गेल्याचे तुम्हाला कळणार नाही." बाल्सा पांगाऱ्याहून हलके आणि कापसासारखे पाणी पिणारे लाकूड आहे. हे मत मी लाल शाईने लिहिले. अप्पांना ते वाचून दाखवले नाही. हे तांत्रिक आहे, त्यांना काय करायचे, असे मला वाटले.

ही वही मादाम केरुएल यांना पाठवावी. त्यांना मराठी येत नाही. शेवटच्या पानावर माझे मत इंग्रजीत लिहिले आहे, ते चोविसावे. त्यांनी यादीत ८७ पुढे काय लिहायचे ते त्यावरून ठरवावे.

५. ज्या चुकीसाठी हा कागद मुख्यतः लिहिला आहे, ती अशी.

आमच्या घरी रीत होती की जे माणसाला सांभाळते किंवा वाहून नेते त्याला, पाय जिथे पहिल्यांदा पडतो तिथे, घोड्याची जुनी नाल ठोकायची. घराच्या उंबऱ्याला आणि गोठ्याला होती, पूर्वी बैलगाडीच्या धुऱ्यालाही होती, बैल विकल्यावर ट्रॅक्टरच्या पायरीला आली. २०१८ साली मी स्कूटर घेतली तेव्हा अप्पांनी तिच्या पायदानावरही एक बसवली. ती माझ्या चपलेत अडकत होती. मी ती काढून टाकली, तेही न सांगता. अप्पा दोन दिवस घरात जेवले नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरात पोळा आला. मी दुपारी गावी पोहोचले तेव्हा होडीला तोरण होते, आणि डेकच्या डाव्या कडेला, जिथे शिडीवरून पहिला पाय पडतो तिथे, नाल बसवलेली होती. चार स्क्रू. खिळ्यांनी फायबर तडकेल म्हणून त्यांनी खास स्क्रू आणले होते आणि हाताने पिळले होते. काम सफाईदार होते. माझी नजर तिथे गेलेली त्यांनी पाहिली आणि म्हणाले, "ह्याला तरी हात लावू नको, माय."

मी हात लावला नाही.

चारही स्क्रू काढणे, भोके मोठी करणे, रेझिन भरणे, नाल पुन्हा तिथेच बसवणे: एकूण चाळीस मिनिटांचे काम. रेझिनचा डबा दहा पावलांवर होता. नाल जागची हलणारही नव्हती. एवढे समजावून सांगितले असते तर अप्पांना पटले असते. पण मला पुन्हा भांडण नको होते, आणि समजावून सांगणे मला जमत नाही. पुढच्या सुट्टीत करू, असे मी ठरवले. मग तोरण वाळून गेले आणि ते राहून गेले.

दादाला सुट्टी मिळेना, मग टाळेबंदी आली. होडी वावरात आणखी तीन पावसाळे उभी राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये ती किनाऱ्यावर न्यायच्या आधी मी तपासणीचा तक्ता भरला. एकूण बेचाळीस बाबी. एकोणतिसावी बाब: डेक, डावी बाजू. ठोकून पाहायचे, आवाज बद्द आला तर आत ओल आहे. नालेच्या भोवती मी ठोकले नाही. "ठीक" लिहिले आणि सही केली. दादाने तक्ता हातात घेऊन विचारले, "सगळं बघितलं ना, सुगे?" मी हो म्हणाले. त्याने पुढे वाचलेही नाही. माझ्या सहीवर कारखान्यातली माणसेही पुढे वाचत नाहीत.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारा ताणून धरतात. डावीकडची तार ज्या पोलादी पट्टीला बांधली होती ती पट्टी डेकमधून खाली जाऊन प्लायवुडच्या आडव्या भिंतीला बोल्टने पक्की केलेली होती. नालेपासून ती एक वीत अंतरावर आहे. पाणी चार भोकांतून बाल्सात गेले, बाल्सातून प्लायवुडमध्ये. त्या प्लायवुडवर मी नवे अस्तर लावले होते, त्यामुळे आतून काही दिसत नव्हते.

६ फेब्रुवारीला होडीवर दोघे होते: दादा आणि त्याचा जहाजावरचा मित्र सांडू, मूळचा सोयगावचा. दुपारी दादाचा मला फोन आला होता. तो म्हणाला, अप्पांना सांग, बूड खरंच जड हाय, वारा वाढलाय पण काही वाटत नाही. मी अप्पांना सांगितले. ते हसले. सांडूने नंतर सांगितले त्याप्रमाणे, चारच्या सुमाराला कुजलेली फळी फाडावी तसा आवाज झाला, डावी पट्टी प्लायवुडच्या तुकड्यासह वर उपसून आली आणि डोलकाठी उजवीकडे पडली. दादा तिच्या खाली होता. तिने त्याला पाण्यात नेले. सांडू इंजिन लावून अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारत राहिला. तिसऱ्या दिवशी मच्छीमारांना दादा सापडला.

६. होडी अप्पांनी हट्टाने परत वावरात आणवली. मार्चमध्ये मी ती तपासायला चढले. नाल उघडली तेव्हा दुसऱ्या भोकातून तपकिरी पाणी आले. आतला बाल्सा चहात बुडवलेल्या खारीसारखा झाला होता. अप्पा शिडीवर उभे होते. त्यांनी माझ्या हातातून नाल घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "इथूनच गेलं व्हय पाणी?"

मी म्हणाले, "हो."

उत्तर बरोबर होते. पण ते अर्धेच होते, आणि उरलेले मी अडीच वर्षे सांगितलेले नाही.

त्या दिवशी अप्पांनी उंबऱ्याची, ट्रॅक्टरची आणि गोठ्याची नाल उपसून विहिरीत टाकली. तेव्हापासून ते होडीखाली खाट टाकून राहतात आणि जेवणही तिथेच मागवतात. बन्सीला काय झाले असे कोणी विचारले की सांगतात, "म्या मारला." चुलते नानासाहेब यांनी हे वाक्य उचलले आणि गंगापूरच्या बाजारापर्यंत नेले: बापाच्या भोळेपणाने पोर बुडवले. वर्षश्राद्धाला अप्पांच्या समोर, ताटावर बसून, ते हे बोलले. म्हणून त्यांच्यासाठी वरील कलम ३.

याबाबत मी पुढीलप्रमाणे जाहीर करते. डेकमध्ये स्क्रू मारण्याचा धोका अप्पांना माहीत नव्हता, कारण तो मी त्यांना सांगितला नाही. मला माहीत होता. नाल मी पाहिली होती. दुरुस्ती माझ्या हाताशी होती. तपासणीच्या तक्त्यावरची खोटी सही माझी आहे. सबब माझा भाऊ बन्सी याच्या मृत्यूची जबाबदारी संपूर्ण माझी आहे, आणि ती अन्य कोणाकडेही, वारसाने किंवा बोलण्याने, जाऊ नये.

७. होडीतला माझा निम्मा हिस्सा सांडूला द्यावा. दादाचा निम्मा हिस्सा आता अप्पांचा आहे, त्यावर मला काही बोलता येत नाही. सांडूला होडी दुरुस्त करायची आहे. दुरुस्तीचे टिपण सोबत जोडले आहे. डावी आडवी भिंत पूर्ण नवी घालावी, जुनी सांधू नये. उजवीही उघडून पाहावी, कारण मी ती उघडलेली नाही. माझे ओलावा मोजायचे यंत्र आणि ठोकायची लहान हातोडी सांडूने घ्यावी. अप्पांना होडी जागची हलायला नको असेल तर ती तिथेच राहू द्यावी, फक्त कोणाला वर चढू देऊ नये.

८. माझे काही झाले तर अप्पांना एकटे ठेवू नये. हे कोणावर बंधनकारक करता येत नाही, असे वकील म्हणाले. तरी लिहिले आहे.

९. हा कागद मी मेल्यावर अप्पांना कोणीतरी वाचून दाखवावा, असा माझा बेत होता. माझ्या शेजारी सरूबाई निवृत्त परिचारिका आहेत. त्यांना मी तसे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तू सुटशील आन् ऐकायचं तेवढं त्येंनी, व्हय?" म्हणून काल, रविवारी, मी लिंबेजळगावला जाऊन होडीखाली अप्पांच्या खाटेवर बसून वरची सगळी कलमे स्वतः वाचली.

संपल्यावर अप्पांनी सहावे कलम पुन्हा वाचायला लावले. मग विचारले, "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

मी म्हणाले, नाही, कारण तुम्हाला माहीत नव्हते.

"चार स्क्रू कोणी पिळले?"

"तुम्ही."

"मग?" ते समोरच्या कपाशीकडे वळले. "ते लाल शाईचं मला का नाय वाचून दावलं? कळलं नसतं व्हय मला?"

मी म्हणाले, कळले असते.

"मंग हे तुझं. हे मी तुझ्यावरून काढत नाय." ते म्हणाले. "पण सगळंच तू न्यायचं नाय, सुगंधा. वावरातला हिस्सा माग, आत्ता लिहून देतो. ह्याच्यातला नाय द्यायचा. लेक व्हता माझा."

मी समजावायचा प्रयत्न केला. मला ते जमत नाही, हे वर आलेच आहे. त्यांनी माझ्या हातातला कागद घेऊन खिशातले पेन काढले. मी म्हणाले, तसे चालत नाही, दुरुस्ती मला करावी लागते आणि साक्षीदारांसमोर करावी लागते. ते म्हणाले, "मंग कर. मी येतो संगं." त्यानंतर त्यांनी माझ्या ऑपरेशनबद्दल पहिल्यांदा विचारले. झडप कशाची असते? मी सांगितले, कार्बनची. गंजायची नाय ना? नाही. किती वर्षं टिकते? माझ्यापेक्षा जास्त. हे उत्तर त्यांना आवडले नाही, आणि तसे ते म्हणाले.

आज सकाळी ते पहिल्या एसटीने माझ्यासोबत शहरात आले.

१०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील मल्हारराव सोनाजी काळे यांनी करावी. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील सर्व मजकूर मी वाचला आहे, तो मला मान्य आहे, आणि खालील दोन साक्षीदारांच्या समोर मी त्यावर सही केली आहे. त्यांनी माझ्यासमोर केली आहे.

लिहून ठेवणार: सुगंधा पुंजाराम गवारे (सही)

साक्षीदार:
१. सौ. सरूबाई काकासाहेब थोरे, निवृत्त परिचारिका, वाळूज महानगर (सही)
२. बद्रीनाथ विठोबा जगधने, गुणवत्ता तपासनीस, वाळूज (सही)

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १२ ऑगस्ट २०२४

खाडाखोडीबाबत: कलम ६, शेवटचे वाक्य. "संपूर्ण" हा एक शब्द खोडून त्याच्या वर हाताने "निम्मी" असे लिहिले आहे. "आणि ती अन्य कोणाकडेही" पासून वाक्याच्या शेवटापर्यंतचा मजकूर खोडला आहे. दुरुस्ती मी साक्षीदारांसमोर केली असून शेजारी माझी व त्यांची आद्याक्षरे आहेत. त्याखाली पुंजाराम कडूबा गवारे यांची पूर्ण सही आहे. कायद्याने तिची गरज नाही, हे त्यांना दोनदा सांगितले होते.

सु. पुं. गवारे